घरी सोडवायच्या परीक्षेवरून आता कोणाची पारख होते?

धागाकर्ता :
सांगितलेला मजकूर किंवा प्रोग्रॅम लिहून देणारे चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले आणि घरी लिहून आणलेल्या निबंधावरून किंवा उमेदवाराने घरी केलेल्या प्रोग्रॅमिंगच्या कामावरून त्याची समज जोखता येते, हे गृहीतक ढासळू लागले. दुसऱ्याकडून काम करून घेणारे पूर्वीही होते. पण त्यासाठी जाणकार माणूस शोधावा लागे, त्याची मनधरणी करावी लागे. मी अनेक वर्षे उमेदवारांची कामे तपासत आहे. अर्धवट सोडलेली चाचणी, कोडमध्येच लिहून ठेवलेली शंका, आधी निवडून मग टाकून दिलेला मार्ग यांतून माणसाचा विचार दिसत असे. आता बहुतेक कामे सारखीच नीटनेटकी येतात आणि कच्च्या व तयार उमेदवारांतला फरक त्यांत बुजून जातो. म्हणून गुण किंवा निवड ठरवणारी प्रत्येक परीक्षा देखरेखीखालीच घ्यावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १ :
निदान पटले, उपाय पटला नाही. चुकलेला आराखडा मोडून दुसऱ्या दिवशी नव्याने मांडण्याची क्षमता दीड तासाच्या परीक्षेत दिसत नाही. तिथे वेग आणि स्मरणशक्ती यांनाच जास्त भाव मिळतो. संशोधनाचा प्रबंध कोणी परीक्षागृहात बसवून लिहून घेत नाही, तर तो लिहून झाल्यावर तोंडी परीक्षा घेतात. हेच इथेही करावे. चॅटजीपीटीसारखे साधन वापरण्याची मुभा द्यावी आणि नंतर पंधरा मिनिटे विचारावे : हा पर्याय का सोडला, माहिती दहापट वाढली तर तुमची मांडणी कुठे कोलमडेल? ज्याने स्वतः विचार केलेला नाही, तो दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला अडतो.

प्रतिसाद २ :
एवढा खटाटोप कशाला? यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणारी साधने उपलब्ध आहेत.

प्रतिसाद १ :
त्यांच्या भरवशावर कोणाचेही वर्ष वाया घालवू नये, ही कळकळीची विनंती. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये आणलेले असे साधन त्यांच्याच चाचणीत यंत्रलिखित मजकुरापैकी केवळ २६ टक्के ओळखू शकले, तर माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर त्याने चुकीचा ठपका ठेवला. अचूकता कमी असल्याचे सांगून कंपनीने त्याच वर्षी जुलैमध्ये ते मागे घेतले. निर्दोष विद्यार्थ्याने आपले निर्दोषत्व सिद्ध तरी कसे करायचे?

प्रतिसाद ३ :
मात्र तोंडी परीक्षेचा हिशेबही मांडायला हवा. दोनशे विद्यार्थी आणि प्रत्येकी पंधरा मिनिटे म्हणजे एका शिक्षकाचे पन्नास तास. शिवाय बोलताना अडखळणारा, पण लेखणीतून स्वच्छ विचार करणारा विद्यार्थी तिथे नाहक मागे पडतो. नोकरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला खुपते. चॅटजीपीटीसारखी साधने वापरली जाणारच असे धरून काम मोठे दिले जाते, आणि ज्याला ती परवडत नाहीत किंवा जो ती न वापरण्याची अट प्रामाणिकपणे पाळतो, त्याची सगळी सुटी त्या विनामोबदला कामात जाते.

धागाकर्ता :
शेवटचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. निवडीपुरते मी माझे मत बदलतो : छाननीनंतर आठ-दहाच उमेदवार उरतात, तेव्हा काम दोन तासांत संपेल एवढेच द्यावे आणि त्यावर प्रत्येकाशी सविस्तर बोलावे. दोनशेंच्या वर्गात मात्र पन्नास तास कोण देणार, याचे उत्तर मिळेपर्यंत गुणांची परीक्षा वर्गातच व्हावी, यावर मी ठाम आहे.