डिस्ने वर्ल्डला सकाळचा नाश्ता कसा प्लॅन करायचा? रूमवर, पार्कात की कॅरेक्टर ब्रेकफास्ट?

दोन_चिमण्यांची_आई

नमस्कार मंडळी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही ऑरलँडोला डिस्ने वर्ल्डला जातोय. मी, नवरा, सासूबाई, मोठी लेक सात वर्षांची आणि धाकटा अडीचचा. पॉप सेंच्युरी रिसॉर्टमध्ये सहा रात्री आहेत, चारही पार्कांना एकेक दिवस आणि मधे एक दिवस मोकळा ठेवलाय. तिकिटं, हॉटेल, विमान सगळं झालं आणि आता मी येऊन अडकलेय ती नाश्त्यावर. गेले चार दिवस रोज रात्री मुलं झोपली की मी हेच वाचत बसते आणि जितकं वाचते तितका गोंधळ वाढतो.

एकीकडे सगळे सांगतात की गेट उघडायच्या आधी जाऊन उभे राहा, पहिल्या तासात जे होतं ते नंतर दिवसभर होत नाही. दुसरीकडे लेकीला मिकीबरोबर बसून नाश्ता करायचाय (तोच कॅरेक्टर ब्रेकफास्ट), हे तिने वर्षभरापासून मनात धरलंय. सासूबाईंना शुगर आहे, गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, त्यामुळे 'बघू, आत गेल्यावर काहीतरी खाऊ' हे त्यांच्या बाबतीत चालणारच नाही. त्या अंडंही खात नाहीत. आणि धाकटा उठल्यावर तासभर कशालाच तोंड लावत नाही, मग एकदम भूक लागते आणि तेव्हा समोर खाणं नसेल तर रडून गोंधळ घालतो.

बाहेरचं खाणं आत नेऊ देतात का? कॅरेक्टर ब्रेकफास्ट कुठला घ्यावा आणि कुठल्या दिवशी? रोज पार्कात नाश्ता करणं शहाणपणाचं आहे का? ज्यांनी लहान मुलं आणि मोठी माणसं अशी दोन्ही नेली आहेत त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

पहाटेचा_गडी

ताई, आम्ही दोनदा जाऊन आलोय, दोन्ही वेळा आई बरोबर होती, त्यामुळे तुमची काळजी समजते. माझं मत स्पष्ट आहे, पार्कच्या दिवशी नाश्ता रूमवर उरकायचा.

कारण सांगतो. तुम्ही डिस्नेच्या हॉटेलात राहताय म्हणजे चारही पार्कांत रोज ३० मिनिटं आधी प्रवेश मिळतो. मॅजिक किंगडम ९ ला उघडत असेल तर तुम्हाला ८:३० ला आत सोडतात, आणि त्या अर्ध्या तासात पार्कातल्या फँटसीलँड आणि टुमॉरोलँड ह्या दोन भागांतल्या बऱ्याचशा राइड चालू असतात. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनसारख्या राइडला दुपारी ज्या लायनी लागतात त्या बघितल्या की कळतं सकाळचा अर्धा तास काय किमतीचा असतो. पण त्यासाठी ८ च्या सुमारास गेटवर हवं, म्हणजे हॉटेलच्या बसला सव्वासातला उभं राहायचं. ह्या सगळ्यात टेबलावर बसून तासभर नाश्ता कुठे बसवणार? पहिल्या ट्रिपला मी हौसेने एका दिवशी ९ चा बसून नाश्ता बुक केला होता, खाणं छान होतं, मुलं खुश होती, पण बाहेर आलो तेव्हा साडेदहा वाजलेले आणि ज्या राइडसाठी गेलो होतो तिची लाइन आईला उभं राहवेल अशी राहिलीच नव्हती. नियोजन माझं होतं आणि चूकही माझी, म्हणून तुम्हाला आधीच सांगतोय.

रूमवर काय करायचं तर, खोलीत छोटा फ्रिज असतो. मायक्रोवेव्ह साध्या खोलीत नसतो पण खाली फूड कोर्टात असतो. आल्या दिवशीच ग्रोसरी मागवून घ्या, हॉटेलवर डिलिव्हरी होते. केळी, दही, दूध, सिरिअल, बेगल, पीनट बटर, चीज, थोडे बदाम आक्रोड. एवढ्यात चार सकाळी आरामात निघतात. आणि बाहेरचं खाणं आत नेता येतं, अगदी रीतसर परवानगी आहे. फक्त काचेची बाटली किंवा बरणी नको (बाळाच्या खाण्याची छोटी बरणी चालते), दारू नको, आणि जे न्याल ते आत गरम करायची गरज पडू नये असं न्या. कूलर बॅग नेणार असाल तर बर्फ सुटा भरू नका, पुन्हा वापरायचे आइस पॅक चालतात. पिण्याचं पाणी विकत घेऊ नका, क्विक सर्व्हिसच्या (म्हणजे काउंटरवरून घेऊन खायच्या ठिकाणांच्या) काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी फुकट देतात.

अजून एक, तुम्ही भारतातून येताय ना? मग पहिले तीन चार दिवस घड्याळ तुमच्याच बाजूने आहे. जानेवारीत आपल्याकडच्यापेक्षा तिथलं घड्याळ साडेदहा तास मागे असतं, मुलं संध्याकाळी सातलाच डोळे मिटतात आणि पहाटे तीन चारला टक्क जागी होतात. त्यामुळे साडेसहाला नाश्ता ही तुम्हाला शिक्षा वाटणार नाही, उलट तोवर सगळे भुकेने रूममध्ये फिरत असतील. म्हणूनच मॅजिक किंगडम सुरुवातीला ठेवा.

मोनोरेलची_खिडकी

वरच्या दादांचं पटतंय पण पूर्ण नाही, कारण त्यांनी सगळा हिशोब राइडचा केलाय आणि तुमच्या घरात अडीच वर्षांचा मुलगा आहे. मोठ्या राइडवर त्याला उंचीमुळे बसताच येणार नाही, त्याची मजा मिकी, प्लूटो, डोनाल्ड प्रत्यक्ष दिसण्यात आहे. पार्कात एकेका कॅरेक्टरला भेटायला वेगळी लाइन लावावी लागते, प्रत्येक ठिकाणी अर्धा पाऊण तास, आणि लाइनीत उभं राहणं म्हणजे लहान मुलांचा कडेलोट. कॅरेक्टर ब्रेकफास्टला तुम्ही बसलेले असता, सासूबाई बसलेल्या असतात, पोटात गरम खाणं जातंय आणि एकामागून एक कॅरेक्टर टेबलाशी येतात. माझ्या मते एक तरी घ्याच. पैसे जास्त जातात हे खरंय, पण तुमचा धाकटा तीनच्या आतला आहे म्हणजे त्याचे पैसे लागत नाहीत (पार्कचं तिकीटही नाही लागत), ३ ते ९ ला लहान मुलांचा दर आणि १० पासून मोठ्यांचा.

आता कुठला. पार्कच्या आतले बरेच आहेत, मॅजिक किंगडमच्या किल्ल्यात सिंड्रेलाज रॉयल टेबल, तिथेच क्रिस्टल पॅलेसला पूह आणि मंडळी, अॅनिमल किंगडमला टस्कर हाउसमध्ये सफारीच्या कपड्यातला डोनाल्ड. पण मी तुम्हाला हॉटेलातले सुचवेन, कारण तिथे जायला पार्कचं तिकीट लागत नाही, मोकळ्या दिवशी जाता येतं. कंटेम्पररी रिसॉर्टमधलं शेफ मिकीज, तिथे इमारतीच्या आतून मोनोरेल जाते, धाकटा तर तीच बघत बसेल. किंवा रिव्हिएरा रिसॉर्टच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरचं टोपोलिनोज टेरेस. मिकी, मिनी, डोनाल्ड, डेझी चौघेही असतात, चित्रकार, कवयित्री असे कलाकारांचे वेष करून, आणि मेन्यूतून आपली डिश निवडायची असते, बुफेची थाळी घेऊन सासूबाईंना फिरायला नको. लक्षात ठेवा, टोपोलिनोजला कॅरेक्टर फक्त नाश्त्याला येतात, रात्री नाही.

आणि तुमच्यासाठी टोपोलिनोज सोयीचं अशासाठी की पॉप सेंच्युरीला स्कायलायनर आहे. २०१९ मध्ये सुरू झालेली ती केबल कार, खालून पाळण्यात बसायचं, कॅरिबियन बीचला बदलायचं आणि पुढचं स्टेशन रिव्हिएरा. त्याच्या पुढचं स्टेशन थेट एपकॉट! त्यामुळे दुसरा एक विचार असा की एपकॉटच्या दिवशी साडेनऊ दहाचा नाश्ता घ्यायचा आणि तिथूनच पुढे जायचं, कारण एपकॉटमधला वर्ल्ड शोकेसचा भाग तसाही साधारण ११ ला उघडतो. उशिरा भरपेट नाश्ता केला की दुपारचं जेवण जवळजवळ वाचतं.

पहाटेचा_गडी

@मोनोरेलची_खिडकी, लाइनीचा मुद्दा एकदम मान्य, लहान मुलांचा विचार माझ्या डोक्यात तेवढा आला नाही. पण एपकॉटच्या दिवशी नको, मोकळ्या दिवशीच करा. सातची लेक आहे, तिला सकाळी फ्रोझनची राइड कमी लाइनीत मिळू दे.

ताई, अजून एक, लाइटनिंग लेन मल्टी पास (पैसे भरून राइडच्या छोट्या लाइनीची वेळ राखून ठेवायचा पास) घेणार असाल तर डिस्नेच्या हॉटेलातल्या लोकांना ७ दिवस आधी स्लॉट निवडता येतात. नाश्ता, जेवण आधी ठरवून मग स्लॉट घ्या, उलटं केलं की दोन्ही एकाच वेळेला येऊन बसतात.

शुद्ध_शाकाहारी_प्रवासी

अंड्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. मिकीच्या तोंडाच्या आकाराचा वॉफल सगळीकडे दिसतो, मुलं त्यासाठी हट्ट करतात, पण वॉफल, पॅनकेक, मफिन ह्यात साधारण अंडं असतंच, वरून दिसत नाही एवढंच. मेन्यूवर हिरव्या पानाची खूण असेल तो पदार्थ प्लांट बेस्ड, म्हणजे अंडं दूध दोन्ही नाही. बसून खायच्या ठिकाणी टेबलावर बसल्या बसल्या सर्व्हरला 'अंडं अजिबात नको' असं स्पष्ट सांगा, नुसतं व्हेजिटेरियन म्हणू नका, तिकडे व्हेजिटेरियन म्हणजे अंडं चालतं असंच धरतात. बुकिंग करतानाही ते नोंदवता येतं. तिथले लोक हे फार मनापासून करतात, आमच्यासाठी शेफ स्वतः बाहेर येऊन काय काय करून देता येईल ते सांगून गेले होते, माझ्या आईला फार बरं वाटलं.

काउंटरवरचं काही घ्यायचं झालं तर माय डिस्ने एक्स्पीरियन्स अॅपवर मोबाइल ऑर्डर करा. वेळेची खिडकी निवडायची आणि तिथे पोचल्यावर आलो म्हणून बटण दाबायचं, मगच ते बनवायला घेतात, म्हणून रांगेत असतानाच ऑर्डर टाकून ठेवली तरी खाणं गार होत नाही. अॅलर्जीवाला मेन्यूही त्यातच वेगळा दिसतो.

तीन_पिढ्या_एक_सूटकेस

माझे सासरे इन्सुलिनवर होते तेव्हा आम्ही गेलो होतो म्हणून फक्त तेवढंच लिहिते. सासूबाईंची गोळी घराबाहेर पडायच्या वेळेवर नका बांधू, खाण्यावर बांधा. समोर प्लेट आल्याशिवाय गोळी नाही, हा आमचा नियम होता. बस उशिरा येते, गेटवर वेळ जातो आणि गोळी घेऊन माणूस रांगेत उभा राहिला की शुगर उतरते, आम्ही एकदा हे अनुभवलंय, हात थरथरायला लागले होते त्यांचे, मी तो प्रसंग विसरू शकत नाही. रोज १० हजारांच्या वर पावलं होतात, घरी एवढं चालणं नसतं, त्यामुळे निघण्याआधी डॉक्टरांना हे सांगून गोळीचं विचारून घ्या. पर्समध्ये बदाम, केळं आणि पटकन साखर देणारं काहीतरी, ज्यूसचा छोटा डबा वगैरे, प्रत्येक मोठ्या माणसाकडे वेगळं, एकाच बॅगेत सगळं नको, कारण बॅग एका राइडच्या बाहेर आणि माणूस दुसरीकडे असं होतंच. प्रत्येक पार्कात फर्स्ट एड सेंटर आहे, औषध थंड ठेवायचं असेल तर तिथे ठेवून देतात.

आणि धाकट्यासाठी, प्रत्येक पार्कात बेबी केअर सेंटर असतं, मॅजिक किंगडमला मेन स्ट्रीटच्या टोकाला क्रिस्टल पॅलेसच्या शेजारी. आत हाय चेअर, मायक्रोवेव्ह, सिंक सगळं आहे आणि मुख्य म्हणजे शांत आहे. तो उठल्यावर खात नाही ना, मग खायला लावूच नका, त्याचा नाश्ता डब्यात घ्या आणि दहा वाजता तिथे बसून निवांत भरवा. सासूबाईंनाही पाय टेकायला मिळतात. जानेवारीत सकाळी तिथे १० अंशांच्या आसपास तापमान असू शकतं, स्वेटर घालून निघा आणि निघताना कोमट दूध थर्मासमध्ये घ्या, स्टीलचा.

दोन_चिमण्यांची_आई

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार. @तीन_पिढ्या, तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या प्लेट समोर आल्याशिवाय गोळी नाही, ठरलं.

आता असं करतेय. पार्कच्या चारही दिवशी रूमवर साडेसहाला, धाकट्याचा डबा बेबी केअरला दहाला, आणि मोकळा दिवस पुढे ढकलून पाचव्या दिवशी टोपोलिनोज. बुकिंग कधी उघडतं तेवढं कोणी नक्की सांगेल का, आणि रद्द करायची वेळ आली तर? धाकट्याला ताप बिप आला तर म्हणून विचारतेय.

मोनोरेलची_खिडकी

चेक-इनच्या बरोबर ६० दिवस आधी, तिथल्या पहाटे ६ ला ऑनलाइन उघडतं. तुमचा तो दिवस नोव्हेंबरच्या शेवटी येतोय म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेचार (उन्हाळ्यात घड्याळ पुढे असतं तेव्हा साडेतीन). हॉटेलात राहणाऱ्यांना त्याच दिवशी पुढच्या १० दिवसांपर्यंतचं बुक करता येतं, म्हणून पाचवा दिवस ठेवलात ते उत्तमच केलंत, बाकीच्यांना ती तारीख अजून उघडलेलीच नसते. बहुतेक ठिकाणी २ तास आधीपर्यंत रद्द करता येतं, न कळवता गेला नाहीत तर माणशी १० डॉलर कापतात. कार्ड आणि पाचही जणांची माहिती आदल्या दिवशीच अॅपमध्ये भरून ठेवा, धाकट्यालाही मोजा, त्याचे पैसे नसले तरी खुर्ची लागते. साडेनऊची वेळ नाही मिळाली तर जी मिळेल ती घ्या आणि मग रोज एकदा बघत राहा, ट्रिपच्या आधीच्या दोन तीन दिवसांत लोक बरंच रद्द करतात.

दोन_चिमण्यांची_आई

सव्वाचारचा अलार्म लावला. नवऱ्याच्या फोनवरही.