चर्चा: प्रदर्शनातल्या संकल्पना-फोनबद्दल कंपन्यांनी ग्राहकाला किती सांगावे?

अनिरुद्ध (धागाकर्ता):

दर जानेवारीत लास वेगासला सीईएस हे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे प्रदर्शन आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांत बार्सिलोनाला मोबाइल वर्ल्ड काँग्रेस हे मोबाइल उद्योगाचे प्रदर्शन भरते, आणि दोन्हीकडे उलगडणारे, पारदर्शक किंवा मनगटाला गुंडाळता येणारे पडदे बातम्यांचा मोठा भाग व्यापतात. अशा वस्तू दाखवण्याला माझा विरोध नाही. विक्रीला येणारी वस्तू आणि केवळ शक्यता म्हणून मांडलेली वस्तू यांतली सीमारेषा पुसट ठेवली जाते, याला मात्र माझा ठाम आक्षेप आहे.

जानेवारी 2021 मध्ये, महामारीमुळे ऑनलाइन झालेल्या सीईएसमध्ये, एलजीने पडदा बाजूला सरकून रुंद होणारा फोन काही क्षणांच्या चित्रफितीत दाखवला आणि तो त्याच वर्षी बाजारात येईल असे कंपनीकडून सांगितले गेले. 5 एप्रिल 2021 रोजी एलजीने मोबाइल व्यवसायच बंद करत असल्याचे जाहीर केले आणि तो फोन दुकानात कधी आलाच नाही. व्यवसाय तोट्यात असणे हा गुन्हा नव्हे. पण तीन महिन्यांनी ज्याचे अस्तित्वच उरले नाही, त्या फोनची वाट पाहत ज्यांनी खरेदी लांबवली, त्यांचा विचार कोणी करायचा?

माझी मागणी मर्यादित आहे. प्रत्येक संकल्पना-वस्तूशेजारी एक फलक असावा आणि त्यावर तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात: समोरचा नमुना खरोखर चालतो की केवळ दाखवण्यापुरता आहे, कोणती तांत्रिक अडचण अजून सुटलेली नाही, आणि विक्रीचा निर्णय झाला आहे का.

मृण्मयी:

आपला हेतू योग्य असला तरी ही प्रदर्शने कोणासाठी असतात, याकडे आपल्या मांडणीत दुर्लक्ष झाले आहे. तिथे पडदे बनवणारा फोन बनवणाऱ्याला माल दाखवतो, बिजागरी बनवणारा आपली कारागिरी दाखवतो आणि वितरक पुढच्या दोन वर्षांचा अंदाज बांधतो; सामान्य ग्राहकापर्यंत यातले जे पोहोचते ते बातम्यांतून.

सॅमसंगने सीईएस 2013 मध्ये ‘यूम’ नावाने वाकणारा ओलेड (ज्याचा प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो असा) पडदा दाखवला, तेव्हा घडीचा फोन सहा वर्षे दूर होता. त्या सहा वर्षांत तंत्र स्वस्थ बसले नव्हते: सॅमसंगच्याच 2014 च्या नोट एज आणि 2015 च्या एस6 एज या फोनांमध्ये कडेला वळलेले पडदे आले, वाकणारे पॅनेल मोठ्या संख्येने बनवण्याचा अनुभव मिळाला, आणि 2019 चा गॅलेक्सी फोल्ड हा घडीचा फोन त्याच वाटेने आला. आपला फलक 2013 मध्ये असता तर त्यावर ‘विक्रीचा निर्णय नाही’ एवढेच लिहावे लागले असते, आणि त्यावरून वाचकाने काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरला असता.

उलट उदाहरणही पाहावे. व्हिवोने फेब्रुवारी 2018 मध्ये बार्सिलोनात ‘एपेक्स’ दाखवला, ज्यात सेल्फी कॅमेरा वरून बाहेर येत असे आणि बोटाचा ठसा पडद्याच्या आतच वाचला जात असे. त्याच वर्षी जूनमध्ये ‘नेक्स’ या नावाने जवळपास तोच विचार विक्रीला आला. संकल्पना आणि उत्पादन यांत कधी चार महिन्यांचे अंतर असते तर कधी सहा वर्षांचे, आणि ते कंपनीलाही आधी ठाऊक असेलच असे नाही. न सुटलेल्या अडचणी प्रतिस्पर्ध्यांसमोर लिहून ठेवण्याची सक्ती झाली, तर कंपन्या हे नमुने बंद दाराआड फक्त मोठ्या खरेदीदारांना दाखवतील आणि आपल्याला पाहायला काहीच उरणार नाही.

दीपक:

मला या दोन्ही मांडण्यांत एक महत्त्वाची गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते, ती म्हणजे टिकाऊपणा आणि दुरुस्ती. प्रदर्शनातला नमुना काचेमागे असतो किंवा प्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या हातात असतो. त्याला खिशातली धूळ, घाम आणि पडणे यांचा सामना करावा लागत नाही. पहिल्या गॅलेक्सी फोल्डचे जे झाले ते याच कारणाने झाले. एप्रिल 2019 मध्ये परीक्षणासाठी पत्रकारांना दिलेल्या फोनांपैकी काहींचे पडदे थोड्याच दिवसांत बिघडले. काहींनी वरचा थर संरक्षक फिल्म समजून सोलून काढला होता, तर कुठे बिजागरीजवळच्या फटीतून कण आत शिरले होते. विक्री पुढे ढकलावी लागली, त्या थराच्या कडा चौकटीखाली नेण्यात आल्या, फटी झाकल्या गेल्या आणि फोन सप्टेंबरमध्ये आला. हे दोष प्रयोगशाळेच्या बाहेर आल्यावरच दिसले.

युरोपीय संघाने 20 जून 2025 पासून फोनसाठी जे नियम लागू केले, त्यांत विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे सुटे भाग उपलब्ध ठेवण्याची अट आहे. घडीचे फोन त्यात येतात. पडदा गुंडाळला जाणारे फोन मात्र त्या नियमांतून स्पष्टपणे वगळले आहेत. नव्या तंत्राला वाढू द्यावे हे मलाही मान्य आहे, परंतु ज्या प्रकारात बिघाडाची शक्यता सर्वांत जास्त, त्याच प्रकाराच्या ग्राहकाला सर्वांत कमी संरक्षण मिळावे, हे मला पटत नाही.

मृण्मयी:

दीपक, दुरुस्तीबाबत मी आपल्याशी सहमत आहे, पण तो दोष विक्रीच्या नियमांचा आहे, प्रदर्शनाचा नव्हे. जी वस्तू अजून कोणी विकत घेऊ शकत नाही, तिच्या सुट्या भागांची हमी मागता येत नाही.

अनिरुद्ध (धागाकर्ता):

मृण्मयी, यूमचे उदाहरण वजनदार आहे आणि त्यावरून मी माझ्या मागणीतला विक्रीचा मुद्दा मागे घेण्यास तयार आहे. तांत्रिक अडचण सांगण्याचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही, आणि त्यासाठी 2023 च्या बार्सिलोनातलेच उदाहरण देतो. तिथे लेनोवोने 12.7 इंचांवरून 15.3 इंचांपर्यंत वर उलगडणारा लॅपटॉप दाखवला आणि त्याच समूहातल्या मोटोरोलाने 5 इंचांवरून 6.5 इंच होणारा ‘रायझर’ फोन दाखवला. दोन्हींत मोटारीने सरकणारा पडदा होता आणि दोन्हींचे कौतुक सारखेच झाले. सीईएस 2025 मध्ये लॅपटॉप 14 इंचांवरून 16.7 इंच होणारे उत्पादन म्हणून जाहीर झाला, 3,499 डॉलर या सुरुवातीच्या किमतीला. फोन संकल्पनाच राहिला.

माझ्या मते कारण उघड आहे. लॅपटॉप टेबलावर बसतो, त्याच्या बुडाच्या भागात मोटार आणि गुंडाळलेला पडदा यांना जागा मिळते, आणि तो कोणी खिशात कोंबत नाही. फोनमध्ये तीच यंत्रणा बसवायची तर बॅटरीची जागा खावी लागते, आणि सरकणाऱ्या कडेतून धूळ आत जाऊ नये याची सोय करावी लागते. एवढी दोन वाक्ये त्या फोनशेजारी लिहिली असती तर मोटोरोलाचे कोणते गुपित फुटले असते? प्रतिस्पर्धी कंपनीच्या अभियंत्याला हे फोन पाहताक्षणीच कळते. कळत नाही ते फक्त बातमी वाचणाऱ्याला.