गार्ड मिळाला नाही म्हणून उपचार थांबले, तर कैदी स्त्रीच्या हक्काचे काय?

कृष्णाकाठ (धागाकर्ती):
विधी सेवा प्राधिकरणाची स्वयंसेविका म्हणून मी काही वर्षे एका जिल्हा कारागृहाच्या महिला विभागात जात असे. तेथे चाळिशी ओलांडलेल्या एका कच्च्या कैदी (खटल्याचा निकाल अजून न लागलेल्या) बाईंना तीन महिन्यांपासून अंगावरून लाल जात होते. कारागृहाच्या डॉक्टरांनी त्यांना सोनोग्राफीसाठी सिव्हिलमध्ये नेण्याची चिठ्ठी दिली होती. लघवी भरलेली लागते असे सांगितल्यामुळे त्या सकाळपासून तांब्या-तांब्या पाणी पिऊन आतल्या फाटकापाशी बसून राहिल्या. दुपारी एकच्या सुमारास निरोप आला की पोलीस मुख्यालयातून गार्ड, म्हणजे कैद्याला बाहेर नेताना सोबत लागणारे पोलीस, मिळालेला नाही, आणि त्या मुकाट्याने बराकीत परतल्या. असे तीनदा घडले. चिठ्ठीवरची खोडलेली तारीख मी स्वतः पाहिली आहे.

कायद्यात उणीव आहे असे मला वाटत नाही. १८९४ च्या कारागृह अधिनियमाचे कलम ३९ प्रत्येक कारागृहात रुग्णालय किंवा आजारी कैद्यांसाठी योग्य जागा असावी असे सांगते. संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताचा हक्क कैदेतही सुटत नाही, आणि संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे मंडेला नियम तर बाहेरच्या समाजात मिळते त्याच दर्जाची आरोग्यसेवा कैद्याला मिळावी असे म्हणतात. हे सारे अडते ते फाटकावर. म्हणून रुग्णालयात नेण्यासाठीचा गार्ड न्यायालयीन तारखांच्या गार्डपासून वेगळा राखून ठेवावा, आणि हुकलेल्या प्रत्येक तपासणीचे कारण संबंधित न्यायालयाला लेखी कळवणे बंधनकारक करावे, असे माझे मत आहे.

नागपूरकर:
ताई, त्या बाईंविषयी सहानुभूती आहे, पण आपण दिलेला निकषच घेतो. माझ्या आत्याच्या तालुक्याला ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आठवड्यातून एकदा येतात, आणि तिला सोनोग्राफीसाठी दोन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. तिने जन्मात कोणाचे वाईट केलेले नाही. बाहेरच्या समाजाइतकाच दर्जा म्हणजे जर हाच असेल, तर त्या कैदी बाईंना तो मिळालाच की. जी सोय निरपराध बाईला नाही, ती आरोपी बाईसाठी राखून ठेवा ही मागणी मला पटत नाही.

तटबंदी:
मी तुरुंग खात्यात पंचवीस वर्षे काढून निवृत्त झालो. प्रथम एक खुलासा करतो: गार्ड पोलिसांचा असतो, तुरुंगाचा नव्हे. गणपती, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे यांत मुख्यालयात माणूसच उरत नाही, आणि महिला शिपाई तर मुळातच थोड्या. देशातल्या कैद्यांत स्त्रिया जेमतेम चार टक्के आहेत; २०२२ अखेरच्या मोजणीत ५,७३,२२० पैकी २३,७७२. एखाद्या जिल्हा कारागृहात आठ-दहा महिला असतात, त्यांच्यासाठी कायमचा गार्ड कोणता पोलीस अधीक्षक अडकवून ठेवील? त्यातच सिव्हिलच्या गर्दीतून एखादी कैदी निसटली, तर निलंबन सोबतच्या शिपाई बाईचे होते. वजनदार आरोपी छातीत दुखते म्हणून महिनोन्‌महिने रुग्णालयात मुक्काम ठोकतात, हेही आम्ही पाहिले आहे. तज्ज्ञ डॉक्टरांनाच आत आणावे, हा माझ्या मते बरा मार्ग आहे.

पैलतीर:
मी वकिली करते. गार्डच्या प्रश्नात एक बाजू सुटते आहे: काही स्त्रियांना नेण्या-आणण्यापेक्षा सोडणेच योग्य असते. सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. उपाध्याय प्रकरणात २००६ साली सांगितले की, अतिगंभीर प्रकरणे वगळता गर्भवती कैद्याची प्रसूती शक्यतो तुरुंगाबाहेर व्हावी आणि त्यासाठी तात्पुरत्या सुटकेची व्यवस्था करावी. बाळ तुरुंगात जन्मलेच तर जन्माच्या नोंदीत तुरुंग हे जन्मस्थान लिहू नये. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अमली पदार्थांच्या प्रकरणातील एका गर्भवती आरोपीला सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. त्याच उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, भायखळा कारागृहातील एका स्त्रीच्या निमित्ताने, गर्भपाताचा कायदेशीर हक्क कैदी स्त्रीलाही आहे हे स्पष्ट केले होते.

नागपूरकर:
मग गर्भधारणा ही जामिनाची किल्लीच झाली. अमली पदार्थांच्या टोळ्या उद्या मुद्दाम गर्भवती स्त्रियांनाच पुढे करतील, ही भीती निराधार आहे का?

पैलतीर:
निराधार नाही, म्हणूनच तो जामीन सहा महिन्यांचाच होता, खटला तसाच चालू राहिला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८० स्त्रीला किंवा आजारी व्यक्तीला जामीन देता येईल असे म्हणते, दिलाच पाहिजे असे म्हणत नाही.

कृष्णाकाठ:
नागपूरकर, आपल्या आत्याला तारीख उशिरा मिळाली हा अन्यायच आहे, आणि त्यासाठी आपण धागा काढलात तर मी आपल्या बाजूने लिहीन. पण आत्या दुसऱ्या गावी जाऊ शकते, उसनवारी करून खासगीत दाखवू शकते, फार दुखले तर शेजारणीला हाक मारू शकते. त्या बाईंपुढचे यातले प्रत्येक दार सरकारने स्वतःच्या हाताने लावले आहे, आणि तेही गुन्हा सिद्ध होण्याआधी. ज्याने दार लावले त्यानेच डॉक्टरपर्यंत न्यावे, यात मला कोणतीही खास सवलत दिसत नाही.

तटबंदी साहेब, डॉक्टर आत यावेत हे मान्य. मात्र सोनोग्राफीचे यंत्र, गाठीचा तुकडा काढणे, अडलेले बाळंतपण हे बराकीत होत नाही. मनुष्यबळाचे म्हणाल, तर पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले आहे की, पैशाची अडचण दाखवून सरकारला वैद्यकीय मदतीची जबाबदारी टाळता येणार नाही. शिवाय आपण दिलेला आकडा माझ्याच बाजूचा आहे. आठ-दहा जणींसाठी कायमचा गार्ड कशाला हवा? आठवड्याचा एक ठरलेला वार आणि दोन महिला शिपाई पुरतील.

तटबंदी:
ठरलेला वार चालेल, मात्र तो सिव्हिलच्या स्त्रीरोग ओपीडीच्या वाराशी जुळवून घ्यावा, नाहीतर गार्ड आहे पण डॉक्टर नाहीत असे होईल. न्यायालयाला लेखी कळवण्याला माझा विरोध कायम आहे. गार्ड पोलिसांनी द्यायचा आणि खुलासा तुरुंग अधीक्षकाने करायचा, हे न्याय्य नाही.

नागपूरकर:
त्या बाईंचे पुढे काय झाले?

कृष्णाकाठ:
चौथ्या तारखेला गार्ड आला. गर्भाशयात गाठी निघाल्या, हिमोग्लोबिन सहाच्याही खाली गेले होते, त्याच दिवशी दाखल करून रक्त चढवावे लागले. खुलाशाचा कागद पोलीस मुख्यालयाने पाठवावा, ही तटबंदी साहेबांची दुरुस्ती मला मान्य आहे.