प्राइस आणि पॉवेलमधला ‘प’

प्राइस हे आडनाव ‘किंमत’ या शब्दावरून आलं असेल असं कोणालाही वाटेल. तसं नाही. ते वेल्श, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सचं आहे आणि त्यात चक्क बापाचं नाव दडलंय.

वेल्श भाषेत ‘आप’ म्हणजे मुलगा. पुढे स्वर आला की ‘आब’. मुलीसाठी ‘वेर्ख’. आप रीस म्हणजे रीसचा मुलगा. हे भराभर म्हणून बघा, ‘आ’ गळतो आणि ‘प’ पुढच्या नावाला चिकटतो: प्राइस. तसंच आप हवेलचं पॉवेल, आप हॅरीचं पॅरी, आब ओवेनचं बोवेन, आब एव्हनचं बेव्हन. मला हे फार सुंदर वाटतं, कारण पूर्वी हे नाव दर पिढीला बदलायचं, आपल्याकडे मधलं नाव बदलतं तसं. 1536 नंतर वेल्स इंग्लंडच्या कायद्याखाली आलं आणि हळूहळू एका पिढीचा बाप कायमचं आडनाव होऊन बसला.

जोन्स, डेव्हिस, विल्यम्स यांतला शेवटचा ‘स’ मात्र इंग्रजी षष्ठीचा, म्हणजे आपला ‘चा’. गंमत म्हणजे जुन्या वेल्श वर्णमालेत ‘जे’ हे अक्षरच नाही, तरी जोन्स तिथे ढिगाने!

टोपणनावांवरून आलेली आडनावंही आहेत. लॉइड म्हणजे करड्या रंगाचा, गॉफ म्हणजे तांबडा. व्हॉन म्हणजे लहान. बापलेकाचं नाव एकच असलं की लेकाला हे लावायचे, अगदी आपल्या ‘धाकटे’सारखं.