एकट्याने, रेल्वेने, शनिवार-रविवार : युरोपातल्या एका जुन्या शहरात

खिडकीजवळची

'दहा दिवसांत सात देश'वाल्यांचे किस्से आपण सगळ्यांनी भरपूर ऐकलेत. हा धागा त्यांचा नाही. पाठीवर एक सॅक, शनिवारी पहाटेची गाडी, एकच जुनं शहर आणि सोबतीला कुणीही नाही, असं कधी गेला असाल तर इथे लिहा. स्टेशनाबाहेर पडल्यावर काय दिसलं, काय खाल्लंत, आणि चार माणसं बरोबर असती तर जे जमलं नसतं असं काय केलंत? हॉटेलांच्या याद्या नकोत, त्या कुठेही मिळतात.

माझ्यापासून सुरुवात. मी श्टुटगार्टला राहते. तिथून स्ट्रासबूर्ग थेट टीजीव्हीने (फ्रान्सची वेगवान गाडी) सव्वा-दीड तास. ऱ्हाईन ओलांडली की फ्रान्स. पासपोर्ट जवळ ठेवा, सीमेवर पोलीस कधीकधी डब्यात चढतात. १८७१ ते १९४४ एवढ्या काळात हे शहर जर्मनीकडून फ्रान्सकडे आणि परत असं चारदा हातबदल झालेलं. जुन्या भागात रस्त्यांच्या पाट्या अजून फ्रेंच आणि अल्सासी (इथली स्थानिक बोली) अशा दोन्ही भाषांत आहेत.

मी गेले होते ते कॅथीड्रलमधल्या खगोलीय घड्याळासाठी. आत्ताचं यंत्र १८४२ सालचं, श्विल्गे नावाच्या इथल्याच कारागिराचं. बारा प्रेषित येशूसमोरून जातात आणि कोंबडा तीनदा आरवतो, तो खेळ दुपारी साडेबाराला असतो. बाराला का नाही? तर घड्याळ स्थानिक सौर वेळ पाळतं आणि सरकारी वेळेच्या अर्धा तास मागे चालतं. त्यांचे बारा तेव्हा वाजतात! गर्दी कोंबड्याला टाळ्या देऊन निघून जाते. पण त्याच घड्याळात दर पाव तासाला एक आकृती मृत्यूसमोरून सरकते: आधी बालक, मग तरुण, मग प्रौढ, मग म्हातारा. ते चौघे पुरते बघायला तासभर थांबावं लागतं. घरचे बरोबर असते तर कोंबड्यानंतर लगेच "झालं ना? चला" झालं असतं.

जेवायला बेकन वगळून सांगितलेली तार्त फ्लांबे. कांदा, मलई आणि पापडाइतकी पातळ पोळी. शाकाहाऱ्यांची सोय होते.

पायमोजे

माद्रिद ते तोलेदो. अर्ध्या तासाचा प्रवास, पण अतोचा स्टेशनवर गाडीआधी सामान स्कॅनरमधून जातं, त्यामुळे ऐनवेळी धावत पोचून उपयोग नाही. तोलेदोचं स्टेशन १९१९चं. रंगीत फरशा, कोरीव लाकडी छत, नालाकार कमानी. लोक त्याच्याकडे न बघता बसकडे पळतात.

शहर टेकडीवर आहे. चढ जिवावर येत असेल तर तटाला लागून सरकते जिने आहेत. सान्तो तोमे चर्चमध्ये एल ग्रेकोचं काउंट ओर्गासच्या दफनाचं चित्र आहे, ज्या भिंतीसाठी काढलं तिथेच. आणि सान्ता मारिया ला ब्लांका: बांधलं सिनेगॉग म्हणून, दिसतं मशिदीसारखं, नाव चर्चचं. माझा सल्ला एकच, रात्री तिथेच राहा. संध्याकाळी माद्रिदच्या सहली परत गेल्या की गल्ल्यांतून नुसतं भटकता येतं. बदामाचं मासापान घ्या, घरी न्यायला उरणार नाही.

चिंचगूळ

सगळे कौतुक करताहेत म्हणून उलट बाजू लिहिते. मला एकटीने अजिबात मजा आली नाही.

ब्रुसेल्सहून ब्रूज तासाभरावर. दिवस छान गेला. बेल्फ्रीच्या, म्हणजे घंटांच्या मनोऱ्याच्या, ३६६ पायऱ्या चढले, वर घंटांच्या वाद्याची यंत्रणा बघितली. आवर लेडी चर्चमध्ये मायकेलँजेलोची मादोना आहे, आई आणि मांडीशी उभं बाळ. ती एकदा फ्रेंचांनी नेली, एकदा १९४४ साली जर्मनांनी, आणि दोन्ही वेळा परत आली. इथवर ठीक.

पण शनिवारची रात्र! दोन ठिकाणी "एकट्याच?" असं विचारून चौघांचं टेबल द्यायला नकार दिला. शेवटी चौकातल्या टपरीवरून फ्राईज घेतले आणि पुतळ्याखाली उभ्या उभ्या खाल्ले. आजूबाजूला जोडपी. चित्रासारखं गाव होतं, पण "ते बघ" म्हणायला कुणी नव्हतं. पुढच्या वेळी मैत्रीण मिळाली तरच जाईन.

मास्तरीणबाई

चिंचगूळ, तुझं पटतं गं, पण रात्रीच्या जेवणाला उपाय आहे. दुपारी बाहेर नीट जेवायचं आणि रात्री खोलीवर दशम्या-चटणी. मी ६७ वर्षांची, नाशिकची, पस्तीसेक वर्षं विज्ञान शिकवलं. लेक म्युनिकला असते. तिला सुट्टी नव्हती म्हणून मी एकटी रेगेन्सबुर्गला गेले.

बायर्न-तिकीट काढलं, म्हणजे बव्हेरिया राज्याचं दिवसभराचं रेल्वे तिकीट. शनिवार-रविवारी ते मध्यरात्रीपासूनच चालतं, इतर दिवशी सकाळी नऊनंतर. फक्त प्रादेशिक गाड्या, वेगवान आयसीईत चढायचं नाही, आणि तिकिटावर आपलं नाव हवं. जावयाने हे चारदा बजावलं. गाडीला दीड तास लागला.

दगडी पूल बाराव्या शतकातला आहे, डॅन्यूबवरचा. तोही पाहिला. जुन्या टाउन हॉलमध्ये १६६३ ते १८०६ पवित्र रोमन साम्राज्याची कायमची संसद भरायची, तेही ऐकलं. पण मी गेले होते केप्लरसाठी. त्याचे ग्रहांच्या गतीचे तीन नियम किती तुकड्यांना शिकवले, हिशेब नाही. तो १६३०च्या नोव्हेंबरात या गावी आला तो सम्राटाकडे थकलेला पगार मागायला. ताप चढला आणि परिचिताच्या घरीच पंधरवड्यात वारला. थकबाकीसाठी हेलपाटे घालणं आम्हा मास्तरांना नवं नाही, पण याचं वाचून मलाही वाईट वाटलं. ज्या दफनभूमीत पुरलं ती तीस वर्षांच्या युद्धात उद्ध्वस्त झाली, कबरीचा पत्ताच नाही. ज्या रस्त्यावर तो वारला त्याला आता त्याचं नाव आहे.

स्टेशनजवळच्या बागेत त्याचं १८०८चं स्मारक आहे, खांबांचा छोटा गोल मंडप. शेजारच्या बाकावर शाळकरी मुलं सँडविच खात होती. हा कोण म्हणून त्यांनाच विचारलं तर खांदे उडवले. मग काय, पिशवीची दोरी काढली, दोन काड्या मातीत रोवल्या आणि लंबवर्तुळ काढून दाखवलं. सूर्य मध्यभागी नाही, या काडीपाशी. इंग्रजी त्यांचंही मोडकं, माझंही. एकाने मात्र "मग दुसऱ्या काडीपाशी काय?" असं विचारलं. वर्गातला पहिला बाक आठवला. काहीच नाही रे, तिथे काहीच नाही!

लांबउडी

ड्रेस्डेन ते प्राग, एवढंच सांगतो: डावीकडची खिडकी धरा. एल्ब नदी सीमेपलीकडेही कितीतरी वेळ त्याच बाजूला राहते, फक्त तिथे तिला लाबे म्हणतात. कोनिगस्टाइनचा किल्ला मात्र उजवीकडे, डोक्यावर. चेक डायनिंग कारमध्ये ताटात गरम जेवण मिळतं. चार्ल्स पुलावर सकाळी सहाला जा, दहाला गेलात तर माणसांच्या पाठीच दिसतील. आणि 'कमिशन शून्य' लिहिलेल्या दुकानात पैसे बदलू नका, दर बघा आधी.

रंकाळाकाठ

आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरातले, फाउंड्रीवाले. बोलोन्याजवळ एका कारखान्यात मशीन बघायला गेलो होतो. शनिवार-रविवार मोकळा मिळाला. बरोबरचे दोघं मिलानला खरेदीला गेले. मी फ्लॉरेन्सची गाडी पकडली, कारण आमच्या एका महाराजांना भेटायचं होतं.

वेगवान गाडीनं चाळीसेक मिनिटं. खिडकीचा काही उपयोग नाही, हा मार्ग जवळजवळ सगळा बोगद्यांतून जातो. सान्ता मारिया नोव्हेला स्टेशन १९३०च्या दशकातलं, सरळ रेषांचं. बाहेर आलं की समोर त्याच नावाचं जुनं चर्च. कॅथीड्रलचा ब्रुनेलेस्कीचा घुमट बाहेरून बघितला, मायकेलँजेलोच्या डेव्हिड पुतळ्याची रांग लांबून बघितली. त्यावर इथं बरेच जण लिहितील.

तर राजाराम महाराज. राजर्षी शाहूंच्या आधीचे. १८७० साली विलायतेला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, आणि परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्येच वारले. वय वीस. त्या काळी तिथं दहन म्हणजे न भूतो प्रकार. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर रात्री दहन झालं. परमुलुखात त्या माणसांनी संगम शोधून काढला, हे मला लई लागलं.

ती जागा कॅशिने बागेच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. जाताना पळणारी माणसं, कुत्री फिरवणारी माणसं, पर्यटक एकही नाही. शेवटी झाडांत एक छत्री दिसते. होय, आपल्याकडच्या समाधीवर असते तशीच. खाली महाराजांचा अर्धपुतळा, पांढरा नाही, रंगवलेला. फुलर नावाच्या शिल्पकाराचा, १८७४चा. छत्री चार्ल्स मँटची. हा मँट म्हणजे ज्यानं आमचा न्यू पॅलेस आणि टाउन हॉल बांधला तोच. ओळखीच्या हाताचं काम इटलीत बघून अंगावर काटा आला. शेजारच्या मोठ्या पुलाचं नावसुद्धा पोन्ते आल इंडियानो. रोज हजारो गाड्या त्याच्यावरून जातात.

बाकावर एक आजोबा पेपर वाचत होते. मी पुतळ्याकडं बोट केलं, मग छातीवर हात ठेवून "कोल्हापूर" म्हणालो. त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि उठून माझ्याशी हात मिळवला. पुढं ते काय बोलले ते मला कळलं नाही. दहा मिनिटं बोलत होते. जोडीदार असते तर इथवर तीन किलोमीटर चालत आले नसते, आले असते तर आजोबा माझ्याशी बोलले नसते.

मास्तरीणबाई

रंकाळाकाठ, पुढच्या उन्हाळ्यात लेकीकडे आहे. चालायला किती, तेवढं सांगा. गुडघे माझे, त्यामुळे खरं सांगा.

रंकाळाकाठ

बाई, स्टेशनापासून ट्रॅम टी१, कॅशिने थांब्यावर उतरायचं. पुढं नदीकाठानं सरळ पश्चिमेला, पाऊण तास तरी धरा, तुमच्या चालीनं तास. रस्ता सपाट आहे, सावली भरपूर, बाकं आहेत. पाणी बरोबर घ्या. दुपार टाळा, जुलैत तिथं आपल्या मे महिन्याला लाजवेल असं तापतं. आणि परतीला पूर्ण चालायचं नसेल तर लेकीला मोबाइलवर टॅक्सी बोलवायला सांगा, बागेबाहेरच्या रस्त्यावर येते.