खेड्यातलं पोस्ट बंद केलं की पेन्शन वाचते?

निपाणीकर: सकाळी एकानं टाकलंय, "पेन्शनीनं पोस्ट बुडालं, खेड्यातली टपाल ऑफिसं बंद करा." अहो, खेड्यातलं टपाल सांभाळणाऱ्या ग्रामीण डाक सेवकाला खात्याची पेन्शन आहेच कुठं? १९७७ साली सुप्रीम कोर्टानं ही पदं 'सिव्हिल पोस्ट', म्हणजे सरकारी पदं म्हटली, तरी पेन्शन नाहीच. माझे काका खानापूरच्या जांबोटीकडं इरलं पांघरून टपाल वाटायचे. कागदावर चार तास, पावसाळ्यात दिवस मोडायचा. पासष्टीला घरी बसले, हाती आलेले पैसे कौलं शाकारण्यातच गेले.

हिशेबी: काकांना नमस्कार. पण पोस्टकार्ड ५० पैशांना विकायचं आणि पेन्शन खात्याच्याच खर्चात धरायची, मग तोटा दिसणार नाही तर काय? कुरिअरवाल्याच्या डोक्यावर हे ओझं नाही.

निपाणीकर: कुरिअरवाला घाटातल्या कणकुंबीला जातो का, विचारा आधी! आणि ओझं आहे ते २००४ च्या आधी लागलेल्यांचं. नंतरच्यांना एनपीएस, म्हणजे पगारातून कापून बाजारात गुंतवलेली पेन्शन.

येळ्ळूरचा वाघ: पेन्शन राहू दे, भरतीचं बोला. टपाल खात्याच्या कर्नाटक सर्कलला कन्नड सक्तीचं. आमच्याकडं नवीन पोरगा आलाय, कोल्हापूरहून मराठी पत्त्याचं लग्नपत्र आलं ते परत पाठवलं!

खानापूरची लेक: मराठी शाळेतही दहावीपर्यंत कन्नड असतंय की. पोरं फॉर्मच भरत नाहीत, मग बोंबलायचं.

येळ्ळूरचा वाघ: ताई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या? १९५६ ला बेळगाव तिकडं घातलं, तेव्हापासून आम्ही हेच ऐकतोय.

खानापूरची लेक: माझ्या आईच्या बाजूची. तिचा अंगठा पोस्टाच्या पैसे काढायच्या मशिनवर उमटत नाही. तो कानडी पोरगा दारात बसून ओल्या फडक्यानं तिचं बोट पुसतो, "आज्जी, इन्नोम्मे", म्हणजे आणखी एकदा, म्हणत चारदा लावतो, आणि पैसे हातात मोजून देतो. तुमचा वाघ आला होता का?

येळ्ळूरचा वाघ: पोरगा चांगला असेल. लग्नपत्र परत गेलं ते गेलंच.

हिशेबी: पुन्हा सीमाप्रश्न! बरं बाबा, खेड्यातलं ऑफिस बंद करून पेन्शन वाचत नाही, मान्य. खूश? पण तोटा भरायचा कुणी?

निपाणीकर: तुम्ही बँकेतून रिटायर ना? पेन्शन कुठली?

हिशेबी: जुनी.