वीज गेल्यावर तुमच्या घरात काय चालतं? दिवे आणि रेडिओ : अनुभव सांगा

३ जून २०२०. निसर्ग वादळाच्या दिवशी मी दापोलीजवळ माहेरी होते. दुपारीच वीज गेली. तिन्हीसांजेला कपाटावरचा इमर्जन्सी लाइट काढून बटण दाबलं, तर जरासा मिणमिणला आणि विझला. वर्षभर कुणी चार्जच केला नव्हता. मोबाइलला रेंज नाही. पुढे कितीतरी रात्री कंदील आणि अण्णांचा दोन मोठ्या सेलचा ट्रान्झिस्टर, एवढाच आधार. आता नवीन घ्यायचंय, पण दोन वर्षांत कचऱ्यात जाणारं नको. तुम्ही काय वापरता?

सांगलीहून
ताई, नुसत्या सोलर कंदिलावर विसंबू नका. २०१९च्या पुरात आमचा गच्चीत दिवसभर ठेवूनही तासभर जळायचा. ऑगस्टात ऊन कुठलं? आता घेतलाय तो उन्हावरही चार्ज होतो आणि मोबाइलच्या चार्जरवरही.

दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून सांगतो
तो जुना लाइट टाकू नका. आत बहुतेक ६ व्होल्टची शिशाची बॅटरी असेल. ती रिकामी पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं, मग कितीही चार्जिंगला लावा, टिकत नाही. चार स्क्रू काढा, लाल-काळी वायर सोडवा, तेवढ्याच व्होल्टची, त्याच मापाची नवी बसवा. जुनी बॅटरी दुकानात परत द्या, शिसं पुन्हा वापरात येतं. नवा घेताना लिथियम आयर्न फॉस्फेट (LiFePO4) सेलचा बघा, आणि आधी विचारा, सेल बदलता येतो का? झाकण चिकटवलेलं असेल तर घेऊ नका.

चिपळूणहून
हँडल फिरवून चालणारा रेडिओ घेतला होता. तीन वर्षांत आतली बॅटरी गेली, आता हँडल सोडलं की आवाज बंद. साधे पेन्सिल सेलही बसतील असाच घ्या. शिवाय नुसता एफएम नको. डोंगराआड एफएम अडतं, मीडियम वेव्ह लांबून येते. खरखर झाली तर एलईडी बल्ब आणि चार्जरपासून रेडिओ दूर न्या, मग जागच्या जागी हळूहळू वळवा. एका दिशेला आवाज स्वच्छ लागतो. काम झालं की सेल काढून ठेवा, आमच्या एका रेडिओचे स्प्रिंग गळक्या सेलनी खाल्ले.

पुण्याहून
आमच्या सासूबाई दर अमावास्येला सगळे दिवे काढतात, पुसतात, अर्धा तास लावून बघतात आणि चार्जिंगला ठेवतात. शिशाच्या बॅटरीचा एक दिवा आठवं वर्ष चाललाय.